वही टेबलापुरतीच फिरते

“मॅडम, तुम्ही तिकडं बसा, भिंतीला. टेबलाशी जागा नाही.”

कुलगुरू हसून बोलले. विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेची ही माझी पहिली बैठक. टेबलाशी एक खुर्ची होती, तिच्यावर कुणाची तरी बॅग. बॅगेला जागा, मला नाही!

मी निफाडच्या कॉलेजात शिकवते. प्राध्यापकांनी मतं देऊन मला राखीव जागेवर निवडून पाठवलेलं. तरी गेले आणि मुकाट भिंतीला बसले. लाज वाटते सांगायला. माझी आई जन्मभर दुसऱ्याच्या द्राक्षबागेत राबली आणि मालकाच्या ओट्याखाली बसली. “मोठ्यांच्या तोंडी लागू नये बाई,” म्हणायची. तेच अंगात मुरलेलं. तरी भिंतीकडूनच मी विचारलं, राखीव पदं इतकी वर्षं रिकामी का? कुलगुरूंनी पुढचा विषय घेतला.

दुसऱ्या बैठकीतही भिंतच. बाहेर पडताना कुलसचिव गोड आवाजात म्हणाले, “तिसऱ्या बैठकीला याल ना?” एकदम एवढी माया कशी काय?

जिन्यात सुमनताईंनी गाठलं. त्या तिथं शिपाई. हजेरीची वही सह्यांसाठी त्याच फिरवतात. इकडंतिकडं बघत पुटपुटल्या, “मॅडम, तुमची सही दोन्ही टायमाला नाय. मला सांगितलंय, वही टेबलापुरतीच फिरवायची.”

निफाडच्या बसमध्ये मी नियमांचं पुस्तक उघडलं. सलग तीन बैठकांना न कळवता गैरहजर राहिलं की सदस्यत्व आपोआप संपतं. नोटीस नाही, सुनावणी नाही. म्हणजे मी तिथं बसले, बोलले आणि कागदावर नव्हतेच! आधी राग आला तो स्वतःचाच. वही मागायला तोंड नव्हतं का मला?

तिसरी बैठक. मी ती बॅग उचलली, खाली ठेवली आणि टेबलाशी बसले. वही ओढून सही केली.

“मागच्या दोन्ही बैठकांत मी याच खोलीत होते. तसं इतिवृत्तात लिहा.”

कुलगुरूंचं हसू गेलं. अगदी हळू म्हणाले, “मॅडम, आपल्याकडं गैरवर्तनाचंही कलम आहे.”

“आहे ना. वाचलंय. त्याला लेखी कारण लागतं. माझं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.”

सुमनताई दाराशी उभ्या होत्या, त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला.

काल नोटीस आली. सभेत उद्धट वर्तन केलं, म्हणे. सुमनताईंची बदली कळवणला झाली, तीही कालच. सुनावणी सोमवारी आहे. बहुमत त्यांचं. पद जाणार, मला ठाऊक आहे.

जाऊ दे. पण गुपचूप नाही. कारण लिहून, खाली सह्या करून, माझ्या तोंडावर काढावं लागेल त्यांना. रिकाम्या पदांचा प्रश्न मी त्याच सुनावणीत पुन्हा विचारणार, आणि त्यांना तो लिहून घ्यावा लागणार. सुमनताईंना कळवणला का धाडलं, तेही विचारणार.

आणि हे सगळं मी टेबलाशी बसून विचारणार.