बाजाराच्या निरोपाएवढा सारांश

घाटंजीच्या शाळेत लागलो तेव्हा माझी नोकरी कच्ची होती. वर्षअखेरीस तपासणीचे साहेब येणार, वर्ग पाहणार आणि शेरा बरा पडला तरच मी पक्का. नाहीतर उचला वळकटी! जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. साहेब नवे, नियम नवे, आणि माझ्या वाट्याला सातवीचं सारांशलेखन.

"सारांश मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांश असावा," मी फळ्यावर ठसठशीत लिहिलं. पोरांनी ते इमानेइतबारे पाळलं. उताऱ्याच्या ओळी मोजल्या, तिनानं भागल्या, पहिला हिस्सा उतरवला आणि खाली रेघ मारली. उतारा होता वाघाच्या तावडीतून सुटलेल्या लाकूडतोड्याचा. सगळ्या वह्यांत लाकूडतोड्या झाडाखाली घोरत पडलेला, वाघाचा पत्ताच नाही.

"अरे, वाघ कुठं गेला?" मी ओरडलो.

"गुरुजी, तो खालच्या हिश्श्यात हाय ना!"

संतापलो की मी खडू मोडतो. त्या दोन महिन्यांत खडूची अख्खी पेटी संपवली.

मग एका बाजाराच्या दिवशी तांड्यावरून येणारी एक मुलगी उशिरा आली. "काहून उशीर?" मी दरडावलं. याडीनं, म्हणजे तिच्या आईनं, कळंबकडच्या मावशीला निरोप धाडायला सांगितला होता. आमच्याकडे निरोप बाजारकऱ्यांच्या तोंडी जातो. दोन-तीन तोंडं बदलून पोचतो.

"काय होता एवढा निरोप?"

"याडीनं लय सांगतलं जी. गाय व्याली, बाचा गुडघा दुखते, काकी रुसली... पण मोटार सुटून राह्यली होती. मी म्हटलं, लगन सोमवारी हाय, दोन रोज आधी ये, मोठी परात आण."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं मावशी आली का याडी सांगतेच ना!"

मी कपाळावर हात मारला. जे मला शिकवता येत नव्हतं, ते ही पोरगी रस्त्यात उभ्याउभ्या करून आली होती.

दुसऱ्या दिवसापासून एकानं दारात बाजारकरी होऊन उभं राहायचं, दुसऱ्यानं त्याला उतारा निरोपासारखा सांगायचा आणि मी तोंडानं भोंगा वाजवायचा. "मोटार सुटून राह्यली, सांग लवकर!" पोरं खिदळायची, पण वाघ मात्र आता प्रत्येक वहीत वेळेवर यायचा.

मी असाच गाल फुगवून भोंगा वाजवत असताना दारात साहेब! साहेबांनी मधमाश्यांवरचा भलामोठा उतारा वाचला आणि नेमकं त्याच मुलीला उठवलं. तिनं दोन वाक्यांत आटोपलं.

"हा एक तृतीयांश भरत नाही," साहेब म्हणाले.

"सायेब, सांगायचं काई राह्यलं का?"

साहेबांनी उताऱ्याचा कागद वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला. शेरेबुकात पानभर लिहिलं आणि निघून गेले.

मी ते पान हातात धरून वर्गातच उभा राहिलो. मोठ्यानं वाचलं: "सदर शिक्षकांची पद्धत रूढ नियमांस धरून नाही, तथापि वर्गाची आकलनशक्ती विचारात घेता, प्रस्तुत नेमणूक पुढे चालू ठेवण्यास आमची हरकत असण्याचे कारण दिसत नाही..." एवढं शिकलेला मी, पण भीतीनं डोकंच चालेना. तरलो की बुडालो?

"गुरुजी," ती मुलगी बाकावरूनच म्हणाली, "तुमी इथंच राह्यले."