पूजेबाहेरचा पाना

"कोण चुकलं ते ऱ्हाऊ द्या. कुठं चुकलं ते सांगा."

हे म्हणताना आमचे वर्क्स मॅनेजर डोक्यावरचं हेल्मेट काढून मांडीवर उलटं ठेवायचे. समोरचा माणूस तेवढ्यानंच निम्मा सैल पडायचा.

माजलगावजवळच्या साखर कारखान्यात मी टाइमकीपर होतो. गेटवर बसून माणसं आत-बाहेर सोडायची, एवढंच माझं राज्य. साहेब तलवाड्याकडचे. शिकून इंजिनिअर झाले, पण बोलणं गावचंच ठेवलं.

त्या वर्षांत मॅनेजमेंट हा शब्द आमच्याकडे नवा नवा आला होता. खासगी कारखाने येणार, आता सुधारल्याशिवाय टिकाव नाही, असं जो तो सांगायचा. संचालकांनी पुण्याहून एक व्याख्याते बोलावले. दिवसभराच्या भाषणातलं एकच वाक्य आमच्या चेअरमनसाहेबांनी उचललं: जबाबदारी निश्चित करा. म्हणजे त्यांच्या हिशेबानं, माणूस शोधा आणि काढा.

तुम्ही कारखान्यात काम केलं असेल तर ठाऊक असेल, खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडली की दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्या साली गाळपाआधीची चाचणी नेमकी त्याच दिवशी आली. दुपारी पाण्याच्या पंपाचा जोड गळायला लागला. ड्युटीवरच्या फिटरपुढे सगळे पाने हळदकुंकू लावून मांडलेले. त्याचा हात पुढं होईना. तो दुसरा पाना मागायला रस्त्यावरच्या गॅरेजकडे पळाला. परत येईपर्यंत पाणी शिरून मोटार जळाली होती. बिचारा हंगामी होता, त्या हंगामात कायम व्हायचा होता.

दसऱ्यानंतर बैठक बसली. पाळीवर कोण होतं हे सांगायला मलाही बोलावलं होतं. फिटरचं नाव माझ्या ओठावर होतं.

चेअरमनसाहेब म्हणाले, "नाव सांगा. आजच घरी पाठवतो."

साहेबांनी हेल्मेट मांडीवर उलटं ठेवलं. "सांगतो की. खंडेनवमीला चाचणी कुणी ठेवली? मी. इंजिनिअरला इचारल्याबिगर पंप बंद करायचा न्हाई, हा हुकूम कुणाचा? माझा. इंजिनिअर हाफिसातल्या पूजेला गेलता. मग त्या पोरानं काय करावं? घरी पाठवायचं तर मला पाठवा."

चेअरमनसाहेबांनी चहा मागवला आणि विषय उसाच्या तोडणीकडे वळवला. मी मात्र बाहेर आलो तो छाती फुगवूनच. अशा माणसाच्या हाताखाली आपण आहोत याचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. यंत्रापाशी जो उभा असेल त्यानं बिघाड दिसताच ते बंद करायचं, कुणाला विचारायचं नाही. आणि पूजा कितीही मोठी मांडा, एक पाना बाहेर ठेवायचा. जुन्या मिस्त्र्यांनी तोंडं वाकडी केली. "देवाला राग येईल," म्हणाले. साहेब म्हणाले, "देवाला मी सांगतो. तुमी पाना ठेवा."

फिटर त्याच हंगामात कायम झाला. साहेब पुढं निवृत्त झाले, आणि आता तर नाहीतच.

यंदा खंडेनवमीला कारखान्यात गेलो होतो. फिटर आता हेडमिस्त्री झालाय, मिशा पांढऱ्या. पूजा मांडण्याआधी त्यानं एक पाना काढून पुसला आणि पंपाशेजारच्या स्टुलावर ठेवला. नव्या इंजिनिअरनं विचारलं, "मिस्त्री, याला कुंकू का नाही?"

"त्यो साहेबांचा हाय," मिस्त्री म्हणाला. "ड्युटीवर हाय."