आठ महिन्यांच्या वर्षावरचा कर

आमच्या बंदरावर वर्ष दसऱ्याला सुरू होई आणि ज्येष्ठात लाँच किनाऱ्यावर ओढून घेतली की संपे. पावसाचे चार महिने वर्षात धरत नसत. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण लिहायची गरज कुणाला वाटली नव्हती. शेवटची फेरी झाली की मी हंगामाच्या मोठ्या वहीत बेरीज मारी, ती लाल कापडात बांधून फळीवर ठेवी आणि एक पातळ वही काढी. तिला आम्ही पावसाळी वही म्हणत असू. लाँचची डागडुजी, रंग, दोर यांचा खर्च तिच्यात. माझा पावसाळ्यातला पगारही तिच्यातच, खिळे आणि तेल यांच्या खालच्या ओळीत. मला त्यात कमीपणा वाटला नाही. खिळ्यांशिवाय लाँच चालत नाही. माझ्याशिवाय चालली असती.

मी तेव्हा रेवस आणि थळच्या मधल्या एका छोट्या बंदरावर एका खासगी लाँच कंपनीचा एजंट होतो. एजंट या शब्दाला टाय शोभतो. मी धक्क्यावर उभा राहून तिकिटं फाडी, नागावकडून आलेल्या नारळांच्या गोणी मोजी आणि मुंबईला जाणाऱ्या माणसांना लाँच का उशिरा आली याची कारणं सांगे. बंदरावर मला मास्तर म्हणत, कारण मला इंग्रजी वाचता येई आणि फावल्या वेळात मी ते खरोखरच वाचत असे.

दर साली मुंबईचं हेड ऑफिस एक छापील फॉर्म धाडी: बंदरावरील नोकरांचा वार्षिक पगार. मी मोठी वही उघडून आठ महिन्यांची बेरीज त्यात उतरवी. वर्षाचा पगार विचारला, वर्षाचा सांगितला. बंदरावरच्या कुठल्याही माणसाने हेच केलं असतं. हेड ऑफिसात त्या आकड्यापुढे एकच इंग्रजी अक्षर पडे, एस. म्हणजे सीझनल, हंगामी. ज्याच्यापुढे एस, त्याचा इन्कमटॅक्स कापायचा नाही. आठ महिन्यांत तो कराच्या मर्यादेला शिवतच नाही. खलाशी आणि लाँच हाकणारा तांडेल खरेच हंगामी होते, पावसात ते भातलावणीला जात. मी बारमाही होतो. पण ते अक्षर बंदराला चिकटलं होतं, आणि मी बंदरावर होतो.

असं तीन वर्षं चाललं. मग सरकारी लिफाफा आला.

नोटीस इंग्रजीत होती आणि इन्कमटॅक्सचं इंग्रजी हे शाळेत शिकवतात ते नव्हे. दोनदा वाचल्यावर एवढं कळलं, की माझं उत्पन्न मी सांगितलं त्याहून जास्त आहे, तीन वर्षांचा कर कमी भरला गेला आहे, आणि याचा खुलासा पाहिजे.

"किती म्हणतात?" पत्नीने विचारलं. ती चुलीपाशी सुकट भाजत होती.

"आकडा नाही दिलेला. आपणच काढायचा."

"म्हणजे चोरही आपण आणि पंचनामाही आपणच करायचा?"

"चोर म्हटलेलं नाही अगं."

"अजून नाही म्हटलं," ती म्हणाली, आणि सुकट परतली.

दुसऱ्या दिवशी बंदरभर झालं. आमच्याकडे तोवर इन्कमटॅक्स कुणाला आला नव्हता. माझ्या दसपट पैसा असलेले मासळीचे व्यापारी होते, पण त्यांचा सगळा हिशेब डोक्यात असे आणि डोक्याला नोटीस पाठवता येत नाही. आमच्या लाँचचा तांडेल, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा कोळी, धक्क्यावर भर गर्दीत मला म्हणाला, "काय मास्तर, सरकार तुमच्याकडं पैसं मागतंय, खरं हाय?"

"व्हय," मी म्हटलं.

"मंग आजपासून तिकीट फाडताना उभं न्हाय राहायचं. मोठी मानसं बसून फाडतात."

खलाशी हसले. पुढचा आठवडाभर मला खुर्ची आणून द्यायची चढाओढ चालली होती.

मी सरकारी पुस्तिका मागवली. आठ आण्यांची होती आणि मी आजवर वाचलेल्या पुस्तकांत सगळ्यांत कमी खपलेली असावी, कारण पानं कापायची राहिली होती. सुरीने कापत कापत वाचली. एका मर्यादेपर्यंत कर नाही, तिच्यावरच्या रकमेवर रुपयामागे थोडे नवे पैसे, लग्न झालेल्याला थोडी जास्त सूट. लग्नाचा एवढा रोख फायदा मला कुणी आधी सांगितला नव्हता. तीन संध्याकाळी बसून आकडा काढला. तीन वर्षांचे मिळून सत्त्याण्णव रुपये.

आकडा काढल्यावर मला बरं वाटलं. शहाण्णव नाही, अठ्ठ्याण्णव नाही. कर होता, तो भरायला हवा होता, भरला नव्हता. यात मला अपमान दिसला नाही. स्वराज्य पाहिजे म्हणून ज्यांच्या मागून ओरडत अलिबागेत फिरलो, त्याच स्वराज्याने सत्त्याण्णव रुपये मागितले तर तोंड फिरवायचं कसं? पगारातून कापून घ्या, असं मी हेड ऑफिसला कळवलं आणि माझ्या मनाने प्रकरण मिटलं.

हेड ऑफिसच्या मनाने ते सुरू झालं होतं. कंपनीने स्वतःच्या नफ्याचा हिशेब देताना माझा बाराही महिन्यांचा पगार खर्चात धरला होता. खर्च जास्त दाखवला की कंपनीचा कर कमी. आणि माझा कर कापायची वेळ आली तेव्हा आठच महिने धरले होते. इन्कमटॅक्स कचेरीतल्या कुणा डोळस कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकच माणूस एका कागदावर बारा महिने जेवतो आणि दुसऱ्यावर आठच, हे त्याला पटलं नाही. नोटीस त्यातून निघाली होती. आता खुलासा कंपनीलाही द्यायचा होता.

म्हणून मॅनेजरसाहेब स्वतः आले. साहेब बंदरावर वर्षातून एकदा येत, हंगामाच्या पूजेला, नारळ समुद्रात सोडताना फोटो काढून घ्यायला. या वेळी पूजा नव्हती तरी सुटाबुटात आले, सोबत हेडक्लार्क, आणि हेडक्लार्कच्या काखेत चामड्याची बॅग. सत्त्याण्णव रुपयांसाठी फर्स्टक्लासची दोन तिकिटं. मी ती फाडली.

माझ्या टपरीवजा ऑफिसात साहेब खुर्चीत बसले, तीच, खलाशांनी आणलेली. हेडक्लार्कने बॅगेतून टाईप केलेला कागद काढला.

"इथे सही करा," साहेब म्हणाले. "काही नाही, औपचारिक आहे."

औपचारिक कागद मी नेहमी आधी वाचतो. लिहिलं होतं, की मी खाली सही करणार, तीन वर्षं माझ्या उत्पन्नाचा काही भाग कंपनीपासून जाणूनबुजून दडवला आणि त्यामुळे कंपनीकडून कर कमी कापला गेला.

"साहेब, मी दडवलं नाही."

"अहो, दडवलं म्हणजे तसं नाही. भाषा अशीच असते."

"कंपनीने दिलेला पगार मी कंपनीपासून दडवणार कसा? पावसातल्या प्रत्येक पगाराची पावती तुमच्याकडे आहे. रेव्हेन्यू तिकिटावर माझी सही आहे."

हेडक्लार्क घसा खाकरून म्हणाला, "फॉर्ममध्ये आठ महिने तुम्हीच लिहिलेत ना?"

"मीच लिहिले. चुकलं. तसं लिहून देतो. बंदरावर वर्ष आठ महिन्यांचं धरतात म्हणून चुकलं. आणि त्यापुढे एस कुणी घातला तेही लिहितो. मी नाही घातला."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "तुम्हाला कायम करायचा विचार चालला होता वरती," ते म्हणाले. "पगारवाढीचाही. असा हट्टीपणा केलात तर विचार थांबतात."

मला भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. दहा वर्षं मी त्या कायम शब्दाच्या वाटेकडे डोळे लावून होतो. पण बंदरावर माझ्याकडे नावाखेरीज काही नव्हतं. गोणीत नारळ किती ते मी सांगे आणि कुणी पुन्हा मोजत नसे. दडवणारा मास्तर म्हटल्यावर प्रत्येक गोणी दोनदा मोजली गेली असती, आणि मोजणाऱ्याला दोषही देता आला नसता.

"कर भरतो," मी म्हटलं. "सही करत नाही."

दारात तांडेल उभा होता. लाँचची वेळ झाली हे सांगायला आलो होतो असं तो नंतर म्हणाला. लाँचला अजून पाऊण तास होता. "सायब," तो म्हणाला, "मास्तर न्हाय बोलला म्हंजे न्हाय. आमी लय वेला बघितलंय. उधारीवर तिकीट मागून बघा."

"तू कोण?" साहेबांनी विचारलं.

"तुमाला मुंबईला नेनारा," तांडेल म्हणाला.

साहेब सहीशिवाय परत गेले. मी माझा खुलासा मराठीत लिहिला, मग इंग्रजीत उतरवला, पावसाळी वहीतल्या नोंदींची नक्कल जोडली आणि रजिस्टर्ड पोस्टाने इन्कमटॅक्स कचेरीला पाठवला. महिनाभराने उत्तर आलं. खालची सही ज्या अधिकाऱ्याची होती त्याला मी कधी पाहिलं नाही, पण त्याचं इंग्रजी मला आवडलं. चार ओळी होत्या. खुलासा मान्य, दंड नाही, रक्कम मालकाने पगारातून बारा हप्त्यांत कापून भरावी.

पहिला हप्ता नऊ रुपयांचा, पुढचे आठ-आठचे. पगाराच्या दिवशी हेड ऑफिसचा माणूस पैशाची पेटी आणि पगारपत्रक घेऊन आला. माझ्या ओळीत वजावटीच्या रकान्यात नऊ रुपये होते आणि शेऱ्यात हेडक्लार्कच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: दडवलेल्या उत्पन्नावरील कर.

सही केल्याशिवाय पगार मिळत नसे. मी दौत बाजूला सरकवली.

"घ्या हो," तो माणूस म्हणाला. "शेरा कोण वाचतं?"

"मी वाचला."

"मग पैसे परत नेऊ?"

"न्या."

घरी पत्नीला सांगितलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तिने डबा उघडून तांदूळ पाहिले, बरणीतली सुकट पाहिली आणि म्हणाली, "तीन आठवडे जातील. माहेरून नारळ आणते, ते विकू. पण मधेच जाऊन सही करून आलात तर मला सांगू नका."

पाच आठवडे गेले. वाण्याने उधार दिलं, कुठलंही पुस्तक न वाचता. तांडेल रोज एक वाटा मासळी आमच्या दारात ठेवी आणि विचारलं की म्हणे, सरकारी मानसाला लाच. हेड ऑफिसकडून दोन पत्रं आली. पहिल्यात मला शिस्तीची आठवण करून दिली होती. दुसऱ्यात लिहिलं होतं, की पगार न वाटल्यामुळे कापलेला कर भरता येत नाही आणि कचेरीकडून विचारणा झाली आहे, तरी आपले म्हणणे कळवावे. मी एका कार्डावर कळवलं. माझं म्हणणं दोन शब्दांचं होतं: शेरा बदला.

सहाव्या आठवड्यात नवं पगारपत्रक आलं. जुन्या शेऱ्यावर शाई ओढली नव्हती. अख्खं पान नव्याने लिहिलं होतं, सगळ्या खलाशांच्या ओळींसकट, माझ्या एका शब्दापायी. हेडक्लार्कला त्यात एक दुपार गेली असेल. माझ्या ओळीत लिहिलं होतं: कंपनीकडून कमी कापलेला कर.

मी ते सावकाश वाचलं. मग तांडेलाला हाक मारून मोठ्याने वाचून दाखवलं, कारण त्याला अक्षर येत नव्हतं आणि त्याला कळायला हवं होतं. त्याने पानाकडे पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "आता घाला अंगठा."

कायम मला त्या साली केलं नाही, पुढच्या सालीही नाही. पगारवाढ थांबली ती थांबलीच. मी रेव्हेन्यू तिकिटावर माझी पूर्ण सही केली, नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, तिकिटाच्या बाहेर जाईल एवढी, आणि पेटीवाल्याला म्हटलं, मोजून द्या.