टोपी खुंटीवर ठेवून आलेले दादा

मंडळी, आज दुपारी नात अभ्यासाला बसली होती. 'ॲट द ड्रॉप ऑफ अ हॅट' वापरून वाक्य करायचं होतं. म्हणजे बोलावल्याबरोबर, मागचापुढचा विचार न करता निघणं. ती म्हणाली, "आजी, तुझ्यासाठी असं कोण यायचं?"

मला माझे वडील, आमचे दादा, आठवले.

बहात्तर सालच्या आसपास मी संगमनेरला कॉलेजात होते, वसतिगृहात राहायचे. एकदा ताप उतरेना, म्हणून सकाळी आमच्या गावाकडं जाणाऱ्या दुधाच्या गाडीवाल्याकडं निरोप दिला. संध्याकाळी त्याच गाडीतून दादा उतरले. डोकं बोडकं.

आमच्याकडं तेव्हा टोपीशिवाय पुरुषमाणूस उंबऱ्याबाहेर पडत नसे. घरात कुणी गेलं तरच बोडक्यानं निघायचे. मी घाईनं विचारलं,

"दादा, आई?"

"तिला काय हुतंय? तुझा निरोप आला आन् निघालो. टोपी खुंटीलाच ऱ्हायली बघ."

आणि लाजून त्यांनी माझाच टॉवेल डोक्याला गुंडाळला. दोन दिवस तसेच उशाशी बसून होते.

नातीला मी हे सगळं सांगितलं. एक मात्र सांगितलं नाही. परवापासून मला कणकण आहे. परगावी असलेली मुलं कामात असतात, म्हणून कुणाला कळवलेलं नाही. तरी आज संध्याकाळी दारात कुठलीही गाडी थांबली की मी उठून खिडकीशी जातेय.

तुमच्यासाठी टोपी विसरून कोण यायचं?