एका वेळी एकच वाचक

पक्षाघातानंतर अण्णांची, माझ्या वडिलांची, वाचा गेली. चार महिने त्यांनी आपणहून एक शब्द उच्चारला नव्हता. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, त्यांच्या धंद्यातले रोजचे शब्द कानावर पडू द्या. अण्णा बेंगळुरूच्या चिकपेटेतले शिंपी आणि मी जन्मभर बँकेत खुर्ची उबवलेली. मला शिंप्याचे शब्द येणार कुठून? दुकान बंद, कारागीर पांगलेले. मग आठवलं, मी शाळेत असताना पुण्याच्या एक संशोधक बाई आठवडाभर दुकानात बसून अण्णांचे शब्द टिपून गेल्या होत्या. त्याचं पुढे पुस्तक झालं होतं.

पुस्तक सापडलं इंदिरानगरच्या एका संस्थेच्या ग्रंथालयात. सापडलं म्हणजे काय, छापील प्रत जागा अडवते म्हणून रद्दीत गेलेली, आणि परदेशी कंपनीकडून संगणकावर वाचायचा परवाना घेतलेला. प्रिंट काढायची नाही, डाउनलोड करायचं नाही. वहीत लिहून घेतलं तर? ग्रंथपालांनी कंपनीला विचारलंय, उत्तर अजून यायचंय. वर आणखी, एका वेळी एकच वाचक.

"अक्का, एक तर तुम्ही वाचा, नाहीतर त्यांना वाचू द्या," ग्रंथपाल म्हणाले. माणूस वाईट नव्हता, नियमानं झपाटलेला होता इतकंच. अण्णांना वाचता येत नाही आता, मी सांगितलं. "सरी," असं कानडीत 'बरं' म्हणत त्यांनीच तोडगा काढला आणि अण्णांची खुर्ची संगणकाच्या पडद्याकडे पाठ करून ठेवली. ऐकायला मनाई कुठे लिहिलेली नव्हती.

धन्य ते ग्रंथालय! ज्याचे शब्द, त्यालाच पाठमोरा बसवलेला. माझा नुसता संताप होत होता, पण अडला हरी. वाचत सुटले. काज. अस्तर. कळी. अण्णा ढिम्म.

"नेफा," मी वाचलं, "म्हणजे बाहीच्या टोकाची दुमड."

"चूक."

मी पुढचा शब्द वाचायला घेतला आणि थांबले. अण्णा खुर्चीतल्या खुर्चीत वळले होते, धड असलेला हात स्वतःच्या पायजम्याच्या कमरेवर. "नेफा… इथं. नाडी… नाडीचा."

मला रडूच फुटलं, तिथंच, सगळ्यांदेखत. ग्रंथपाल लगबगीनं आले. मी कशीबशी म्हणाले, पुस्तकात चूक आहे, अण्णांनी दुरुस्त केली.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, बराच विचार केला. "राग मानू नका अक्का, पण मजकुरात बदल करायचा हक्क आपल्या परवान्यात नाही."

अण्णांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"चूक," ते म्हणाले. या वेळी जास्त स्पष्ट.