गेमपॅड हलवायचा नाही

दुसऱ्याच्या हातासाठी घडवलेलं हत्यार तुमच्या हातात देऊन, वर ‘नियम सगळ्यांना सारखा’ असं कुणी तुम्हाला सुनावलंय कधी?

माझ्या ताईला दोनदा सुनावलं. पहिल्यांदा आमच्या गावी कडावला, आमच्याच शेतात. ताई डावखुरी. आमच्याकडचे विळे उजव्या हातासाठी धार लावलेले. भात कापताना विळा घसरला आणि तिच्या उजव्या अंगठ्याची शीर तुटली. “बाकीच्यांना कसा नाय लागत?” असं बांधावरून कुणीतरी म्हणालंच. अंगठा वाचला, पण पुन्हा वाकला नाही.

बंदुकीचे गेम खेळणाऱ्यांना या अंगठ्याची किंमत कळेल. दोन्ही हातांत धरायच्या गेमपॅडवरची उजवी स्टिक, म्हणजे छोटी दांडी, अंगठ्याने ढकलायची, तशी पडद्यावरची नजर आणि तिच्यासोबत नेम फिरतो. ताठ अंगठ्याने ताई गर्रकन मागे वळू शकायची, पण नेम केसभर सरकवणं जमेना. मग तिने गेमपॅडमधला मोशन सेन्सर चालू केला. हातात गेमपॅड जेवढा कलेल, तेवढाच नेम सरकतो. हात थांबला की नेम थांबतो. पण हात थरथरला की नेमही थरथरतो. रेलून बसायची सोय नाही, मनगटं भरून येतात. आणि एक गोष्ट लोक विसरतात. स्टिकवाल्याला गेम स्वतः मदत करतो, नेम शत्रूजवळ गेला की आपोआप चिकटतो. ताई खेळायची त्या गेममध्ये मोशनवाल्याला ती मदत नव्हती.

लोधिवलीच्या हॉलमध्ये त्याच गेमची स्पर्धा भरली, तिच्यात ताई अंतिम सामन्यात पोचली. सामना सुरू होणार एवढ्यात समोरच्या मुलाने हात वर केला.

“ओ दादा, ही पॅड हलवून नेम धरते. चीटिंग हाय ही.”

आयोजक दोघांकडे बघून ताईला म्हणाले, “मोशन बंद करा, ताई. नियम सगळ्यांना सारखा.”

“कुठं लिहिलाय हा नियम?” मी ओरडले. आई शेतमजुरांच्या संघटनेची पत्रकं वाटायची. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी लहानपणी अक्षरं गिरवली. माझ्या तोंडात मथळे तयारच असतात. “हा अन्याय आहे! आम्ही बहिष्कार...”

“गप गं,” ताई म्हणाली. “बहिष्कार तुझा, सामना माझा. मला खेळायचंय.”

मग तिने आपला गेमपॅड त्या मुलापुढे धरला. “तूच खेळून बघ रं. चीटिंग असंल तर तुलाबी जमंल.”

सगळे बघत होते. त्याला नाही म्हणता येईना. त्याने पॅड घेतला, आणि पडद्यावरची बंदूक छताकडे गेली, तिथून फरशीवर, तिथून पुन्हा छतावर.

“वर पाली मारतोस काय रं?” मागून कुणीतरी ओरडलं. हॉल हसला. त्याचे कान लाल झाले. “खेळू द्या तिला,” तो पुटपुटला.

“बरं, खेळा,” आयोजक म्हणाले. “पुढचं नंतर बघू.”

‘नंतर’ म्हणजे कधी, ते त्यांनी सांगितलं नाही. सामना बरोबरीत चालला. दोघांकडे शेवटचा एकेक जीव उरला. ताई खुर्चीच्या कडेवर ताठ बसलेली, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, श्वास रोखलेला. पडद्यावर दोघं एका दारात समोरासमोर आले. त्याचा नेम तिच्यावर चिकटला. तिचा किंचित डावीकडे गेला.

ताई हरली.

टाळ्या वाजल्या. आयोजक खुलले. “बघा, खेळू दिलं की नाय? मोशनला आमची काय हरकत नाय!”

ताईने पॅड टेबलावर ठेवला. “आणि मी जिंकले असते तर?”

आयोजक केबल गुंडाळू लागले. “तवा... तवा बघितलं असतं.”

आम्ही स्कूटरवरून घरी निघालो. घर आल्यावर हेल्मेट काढत ताई म्हणाली, “आता लिही तुझं पत्रक. हरलेल्या माणसाला परवानगी द्यायला काय लागतं? पुढच्या खेपेला मला जिंकायचंय, आणि जिंकल्यावर कुणी नवा नियम काढायला नको.”

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या गावात, कॉलेजात अशी स्पर्धा भरणार असेल, तर आयोजकांकडे जा आणि पहिला सामना लागण्याआधी नियमांत एक ओळ घालून घ्या: ज्याला जसा जमेल, तसा त्याने गेमपॅड धरावा, ढकलावा किंवा हलवावा. ती ओळ निकालानंतर मागू नका. आधी मागा.