साजावरचा पिवळा पट्टा

मनीषनगरात नवीन राहायला आलो, तेव्हा फाटकासमोरच्या साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, बुंध्यावरचा पिवळा पट्टा मी रॉकेलने घासून काढला. झाड तोडायचीच ती खूण, अशी माझी खात्री. पन्नाशीची होते, पण कोणाला विचारायचं म्हणजे कमीपणा वाटायचा. पट्टा मारणारा माणूस टेप घेऊन आला, तशी मी झाडू घेऊन धावले.

तो अजूनही दरवर्षी येतो. आधी बुंध्यावर तळहात ठेवतो, मग घेर मोजतो. कोणत्या जातीचं झाड किती कार्बन साठवतं, याची संशोधनासाठी नोंद ठेवतो. "शेवगा भराभर वाढते काकू, पण लाकूड हलकं. साज सावकाश वाढते, पण लय कार्बन धरून ठेवते. समजून राहिल्या ना?" हे शेपूट प्रत्येक वाक्याला असतंच.

दरवर्षी नेमका त्या पट्ट्यावरच घेर मोजला, तरच झाडाची वाढ कळते, हे त्याने मला, मी झाडू घेऊन धावले त्या दिवशी सांगितलं. मग वहीतल्या सहा वर्षांच्या आकड्यांवर आडवी रेघ मारली. माझ्या हातातला झाडू मला लपवता येईना. तो म्हणाला,

"पट्टा तर मी आत्ता पुन्हा मारतो, काकू. पण झाडासाठी आंगावर धावून येणारं माणूस मले पयल्यांदाच भेटून राहिलं."